बघितलंस का?

गुरुवारच्या मीटिंगमध्ये सगळं बोलून झाल्यावर फिनलंडहून ऐनोनं विचारलं, "मग, बघितलंस का?" सुचिताला आधी वाटलं, ती कालच्या आलेखांबद्दलच विचारतेय. म्हणून ती म्हणाली, हो, बघितले, ठीक आहेत. "ते नाही," ऐनो पडद्यावरून म्हणाली. तिच्या मागच्या खिडकीत बर्फ पडत होता. सहा वर्षांत तो थांबलेला सुचितानं क्वचितच पाहिला असेल. "महिन्यापूर्वी मी तुला विचारलं होतं, तू इकडे येशील का. तू म्हणालीस, वी विल सी. म्हणून मी थांबले. आता महिना झाला. बघितलंस का?" आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. दूधवाला आला का, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. पडद्यावरच्या दुसऱ्या चौकोनात सुचिताची विद्यार्थिनी आरोही खाली मान घालून काहीतरी लिहीत होती, किंवा लिहिण्याचं सोंग करत होती. "उद्या संध्याकाळपर्यंत सांगते," सुचिता म्हणाली आणि मीटिंग बंद करून बराच वेळ त्या काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा बघत बसली.

सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. बघू म्हटलं की विषय संपतो, हे तिच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. साखरपुड्याला नक्की यायचं हं, बघू. भाच्याला तुमच्या संस्थेत कुठेतरी चिकटवा की, बघू. सोसायटीच्या कमिटीवर या ना मॅडम, बघू. समोरचाही काही वेडा नसतो. तो समजून घेतो, चहा संपवतो आणि उठतो. नाही म्हटल्याचं पाप आपल्याला लागत नाही आणि नाही ऐकल्याचा अपमान त्याला होत नाही. पुढच्या वेळी भेट झाली तर दोघंही हवापाण्याचं बोलतात. जो पुन्हा विचारतो तो चिवट, त्याला माणसं टाळतात. आणि ही बाई सरळ विचारत होती, बघितलंस का? जणू महिनाभर सुचिता कुठेतरी उभी राहून, डोळ्यांवर हात धरून, खरोखरच बघत होती.

विचारलं होतं ते असं. क्वांटम संगणकाची एक चिप मुंबईतली त्यांची संस्था आणि फिनलंडमधली ऐनोची प्रयोगशाळा मिळून बनवत होत्या. आराखडा इथला, घडाई तिथली, मग पुन्हा इथे आणून बारीक तारा जोडायच्या, आणि शेवटी तिथल्या फ्रीजमध्ये ठेवून मोजणी. फ्रीज म्हणजे घरातला नव्हे. माणसानं पृथ्वीवर केलेली सगळ्यात थंड जागा अशाच यंत्रांच्या पोटात असते. आतापर्यंत सुचिताची माणसं मुंबईत बसून ते यंत्र चालवत. पण ऐनोच्या विद्यापीठानं नवा नियम केला, की पुढच्या टप्प्यात यंत्राला बाहेरून कुणी हात लावायचा नाही. जो चालवेल त्यानं तिथे हजर असलं पाहिजे. म्हणजे मुंबईचं एक माणूस तीन वर्षं तिकडे गेलं तर काम दोघांचं राहणार होतं. नाहीतर चिप तिकडे, काम तिकडे, आणि मुंबईचं नाव जुन्या शोधनिबंधांवर. "तू ये," ऐनो म्हणाली होती. "किंवा तू सांगशील ते माणूस येऊ दे. पण एक नाव दे." त्यावर सुचिता म्हणाली होती, बघू.

त्याच संध्याकाळी हेलियमच्या नळकांड्यांपाशी आरोहीनं तिला गाठलं होतं. आरोही पेणची. वडिलांचे ट्रक बंदरावर चालतात, आजोबा मिठागरात राबलेले. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक तारा जोडताना तिचा हात अजिबात हलत नाही. तिनं आधी दोन मिनिटं कँटीनच्या उसळीबद्दल बोलून घेतलं आणि मग एकदम म्हणाली, "मॅडम, ॲक्च्युअली, तुम्ही जाणार नसाल तर... मी जाऊ का?" आणि सुचिता म्हणाली, "बघू गं." तिला तेव्हा खरंच नाही म्हणायचं नव्हतं. हो सुद्धा म्हणायचं नव्हतं. काहीही म्हणायची ताकदच नव्हती. आरोही लगेच हसली, "हो मॅडम, चालेल मॅडम," म्हणाली, आणि त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मुलगी गुणी होती. बघूचा अर्थ तिला घरी शिकवलेला होता.

शुक्रवारची रजा आधीच टाकलेली होती. मीटिंग संपल्यावर सुचिता पिशवी घेऊन टॅक्सीनं गेटवेला आली आणि मांडव्याच्या बोटीत बसली. वरच्या मजल्यावर सहलीला निघालेली पोरं समुद्रपक्ष्यांना कुरकुरे फेकत होती आणि पक्षी ते हवेतच झेलत होते. गावी वडिलांना, आबांना, ती सांगून आली होती, दोन दिवस येते म्हणून, पण का येते ते सांगितलं नव्हतं. स्वतःलाही तिनं ते नीटसं सांगितलं नव्हतं. खाली इंजिनाची घरघर पायांतून वर येत होती. तिनं डोळे मिटले तर डोळ्यांपुढे तीच खिडकी आणि तोच बर्फ. तिथे ती एकूण सहा हिवाळे राहून आली होती, कधी महिना, कधी तीन महिने. पहिल्या वेळी तिनं ऐनोच्या माणसांपुढे पाऊण तास आपला प्रस्ताव मांडला होता, आणि संपल्यावर खोलीत कुणी एक शब्द बोललं नाही. टाळी नाही, प्रश्न नाही, छान झालं असं तोंडदेखलंसुद्धा नाही. ती स्वच्छतागृहात जाऊन रडली होती. दुसऱ्या दिवशी कळलं की तिनं मागितलेलं सगळं सामान त्यांनी त्याच दुपारी मागवलं होतं. तिकडे गप्प बसणं म्हणजे हो असतं, हे समजायला तिला दोन वर्षं लागली. आणि इकडे बघू म्हणजे नाही, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. अशी माणसं मिळून इतकी वर्षं एक यंत्र चालवत होती आणि ते चालत होतं, याचंच खरं तर नवल करायला हवं होतं.

ती दमली होती. हे ती कुणाला बोलली नव्हती, कारण दमायला काय झालं असं कुणी विचारलं असतं तर तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. पगार वेळेवर, खुर्ची चांगली, नाव बऱ्यापैकी. पण विमानतळावर चिपची डबी छातीशी धरून, हे दागिने नाहीत, हे स्फोटक नाही, असं परत परत सांगायचा तिला कंटाळा आला होता. व्हिसाच्या रांगेत बोटांचे ठसे द्यायचा कंटाळा आला होता. प्रत्येक भाषणाच्या पहिल्या चित्रात दोन झेंडे शेजारीशेजारी लावायचे आणि मग म्हणायचं, अजून पाच वर्षांत संगणक तयार. ती पीएचडीला लागली तेव्हाही पाचच वर्षं राहिली होती. एकदा कॉलेजच्या मुलांना शिकवताना तिनं म्हटलं होतं, साधा दिवा एकतर चालू असतो नाहीतर बंद. क्वांटम संगणकातला दिवा म्हणजे क्यूबिट, आणि क्यूबिट म्हणजे आपल्या वडिलांचं 'बघू'. त्यात हो पण असतं आणि नाही पण असतं, आणि तुम्ही डोकावलात की दोन्हींतलं एकच उरतं. मुलं खदाखदा हसली होती, कारण प्रत्येकाला आपापले वडील आठवले. आमचं सगळं काम म्हणजे, ती पुढे म्हणाली होती, त्याच्याकडे कुणी बघू नये याची व्यवस्था. थंडी, अंधार, पत्र्याच्या आत पत्रा. तेव्हा तिला स्वतःचं ते वाक्य फार आवडलं होतं. आज बोटीत ते आठवल्यावर तिला ओशाळल्यासारखं झालं.

मांडव्याहून अलिबाग, अलिबागहून मुरूड, तिथून आगरदांडा. एसटीत शेजारच्या बाईच्या मांडीवर सुकटीची पिशवी होती. आगरदांड्याला फेरीबोटीत उभी राहून ती खाडीपलीकडच्या दिघीकडे बघत राहिली. त्यांच्या चिपवर पाच क्यूबिट होते आणि आकड्यांऐवजी त्यांना नावं द्यायची टूम आरोहीची. फिनलंडमधल्या गावांची नावं इथे कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून मग ठरलं, रायगडची घ्या. बोर्ली, दिघी, मांडवा, पेण, उरण. त्यातला दिघी भारी लहरी. आठवड्यातून एकदा तरी तिकडून निरोप यायचा, आज दिघीचं काही खरं नाही. बर्फात बसलेली गोरी माणसं गंभीरपणे म्हणायची, बोर्ली ठीक आहे, पण दिघीला अजून थोडं थंड करावं लागेल. आणि ही इथली खरी दिघी, बंदराची धूळ, चहाची टपरी, उन्हात झोपलेली कुत्री. तिला हसू आलं, आणि हसता हसता वाटलं, हे आपण आता आरोहीला फोन करून सांगायला हवं. पण फोन केला तर त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल काहीतरी बोलावं लागलं असतं. तिनं फोन पर्समध्येच ठेवला.

दहावीनंतर ती याच रस्त्यानं उलटी गेली होती, अलिबागला, अकरावी सायन्सला. तेव्हा फेरीबोट अशी नव्हती, साधी होडी होती. त्याआधीची गोष्ट तिला नेमकी आठवते. निकाल लागला, पेढे वाटून झाले, आणि तिनं विचारलं, आबा, मी अलिबागला जाऊ? आबा शाळेतून आले होते, पायातली वहाण काढत होते. ते म्हणाले, बघू. ती मागच्या दारी जाऊन रडत बसली. आई सुपाऱ्या सोलून आली होती, हात काळे झालेले. तिनं विचारलं, काय झालं गं? आणि ऐकल्यावर म्हणाली, "बघू म्हनलं म्हंजे न्हाय. आता रडून काय व्हनार हाय?" पुढे आठ-दहा दिवसांनी आबा एकाएकी म्हणाले, पेटी भर. सुचितानं आयुष्यभर धरलं होतं की आई भांडली असणार. आई, रखमाबाई, भांडायला लागली की कुणाला ऐकणारी नव्हती. निघायच्या दिवशी उंबऱ्यात ती म्हणाली, जाते गं आई. आईनं तिला थांबवलं. जाते म्हणू नये, येते म्हणावं. पुढे फिनलंडला पहिल्यांदा निघाली तेव्हाही तेच. आई गेली त्या वर्षी मात्र निघताना सुचिता काही म्हणाली नव्हती आणि कुणी अडवलंही नव्हतं.

बोर्लीत उतरली तेव्हा बाजारातली दुकानं दिवे लावत होती. बुद्धविहाराच्या कट्ट्यावर दोन पोरं मोबाईलवर मान टाकून बसली होती. बौद्धवाडीतलं त्यांचं घर वादळानंतर नव्या पत्र्यांनी शाकारलेलं, अंगणात दोन माडांपैकी एकच उभा, दुसऱ्याचं खोड बसायला कामी येणारं. आबा पडवीत होते. रामजी गुरुजी म्हणून त्यांना सगळी पंचक्रोशी ओळखते, कारण पंचक्रोशीतल्या निम्म्यांना त्यांनी पाढे शिकवलेत. "आलीस?" ते म्हणाले, पण ती अगदी पायरीपाशी आल्यावर. चहा त्यांनीच केला, तिला उठू दिलं नाही. कपात चहा ओतताना त्यांनी कपाच्या काठावरून एक बोट आत धरलं, चहा बोटाला लागला तसे थांबले. सुचितानं ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण ती दमलेली होती आणि चहा चांगला झाला होता. दोन पावसाळ्यांपासून ती फोनवर म्हणत होती, आबा, डोळे दाखवून या. आबा म्हणत होते, बघू. मग ती म्हणायची, बरं, काळजी घ्या. तिला दर वेळी थोडं सुटल्यासारखं वाटायचं, कारण दाखवायला न्यायचं म्हणजे पुन्हा रजा, पुन्हा हीच सगळी वाट.

अंथरुणावर पडल्यावर तिला एक गोष्ट स्वच्छ दिसली आणि तिची तिलाच लाज वाटली. ती आबांना बघायला आली नव्हती. आबांना आता एकटं सोडणं शक्य नाही, असं काहीतरी कारण घेऊन परत जायला ती आली होती. ते बोट कपात बुडालेलं पाहून तिच्या मनात आधी चटका बसला, आणि चटक्याच्या पाठोपाठ, अगदी चिकटून, आलं होतं, 'बरं झालं'. ऐनोला आता सांगता येईल, वडिलांना दिसत नाही, मी कशी येऊ? त्यावर कुणीच काही बोलणार नाही. फिनलंडमध्येसुद्धा वडील असतात.

सकाळी ती तोंड धुऊन आली तर शेजारची ठमी पडवीत उभी होती. ठमी सुचिताच्याच वयाची, दिवेआगरला पर्यटक उतरतात अशा एका घरात पाहुण्यांसाठी भाकऱ्या करायला जाते. आबा खुर्चीत मान मागे टाकून बसले होते आणि ठमी एका हातानं त्यांची पापणी वर धरून दुसऱ्या हातानं बारक्या बाटलीतून थेंब टाकत होती. दोघांनाही त्याची इतकी सवय झालेली दिसत होती की ठमी तेवढ्यात सुचिताशी बोललीसुद्धा. "कवा आलीस गं ताई? गुरुजी काल सांगत व्हते, पोर येनार हाय म्हनून." मग आबांना म्हणाली, "डोळा मिटून ठेवा जरा, लगेच उघडू नका," आणि बाटली फळीवर ठेवून, पदराला हात पुसत निघून गेली. सुचितानं बाटली उचलली. वरचं नाव वाचलं. अशा थेंबांबद्दल तिनं ऐकलं होतं, तिच्या एका सहकाऱ्याच्या आईला काचबिंदूसाठी तेच होते.

"आबा, हे काय आहे?"

"थेंब."

"ते दिसतंय मला. डॉक्टरांकडे गेला होतात?"

"गेलो व्हतो की. दिवाळी झाल्यावर. अलिबागला." आबा डोळे मिटूनच बोलत होते. "डावा गेला तो गेला. त्याला आता काय इलाज न्हाय. उजवा हाय, थेंब टाकले तर राहील म्हणतात. सकाळ-संध्याकाळ. ठमी टाकते."

"एकटे गेलात?"

"एसटीत काय, चाळीस माणसं असतात."

सुचिता खाली बसली. "मला सांगितलं का नाहीत? मी दर आठवड्याला फोन करते. दर आठवड्याला डोळ्यांचं म्हणते. तुम्ही म्हणता बघू. मी मुंबईत बसून..." तिचा आवाज चढला. शेजारी ऐकू गेलं असणार. "बघू बघू म्हणून मला फसवत राहिलात!"

आबांनी डोळे उघडले. उजव्या डोळ्यातून थेंबाचं पाणी गालावर आलं होतं, ते त्यांनी उपरण्यानं टिपलं. त्यांना मनापासून आश्चर्य वाटलेलं दिसलं. "फसवलं कुठं? बघू म्हटलं, आणि बघून आलो. तू विचारलंस कुठं?"

"म्हणजे?"

"बघू म्हटलं की तू म्हणतेस बरं, आणि फोन ठेवतेस. पुढच्या खेपेला पुन्हा म्हणतेस, दाखवून या. दाखवलंत का, असं एकदा तरी विचारलंस? विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी आपणहून कशाला सांगत बसू? तुझं तिकडं मोठं काम चाललेलं."

अंगणातल्या खोडावर कोंबडी चढली होती आणि उतरायचं कसं याचा विचार करत होती. सुचिताला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मग तिच्या मनात काहीतरी सरकलं आणि तिनं विचारलं, "आबा, मी दहावी झाले तेव्हा तुम्ही अलिबागचंही बघू म्हणाला होतात. मग पाठवलंत कसं? आई भांडली ना?"

"रखमा? ती तर म्हणत व्हती नका पाठवू, लांब हाय." आबा हसले. "मी बघू म्हटलं आणि रविवारी जाऊन बघून आलो. कॉलेज बघितलं. वसतिगृह बघितलं. तिथल्या बाईंना म्हटलं, जेवण काय देता? त्यांनी वाढलं, जेवलो. आमटी म्हणजे निव्वळ पाणी. पण मुलींची दारं आतून नीट लागत व्हती, ते बघितलं. मग तुला म्हटलं पेटी भर." ते थांबले. "बघू म्हणजे बघू. त्याचा दुसरा काय अर्थ असतो?"

तीस वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती की आपले वडील कधी नाही म्हणत नाहीत, बघू म्हणतात. वर्गात त्यावर हशा मिळवला होता. आणि हा माणूस एका रविवारी होडीनं खाडी ओलांडून, पाण्यासारखी आमटी ओरपून, दारांच्या कड्या लावून बघून आला होता, आणि कुणी विचारलं नाही म्हणून कुणाला बोलला नव्हता. सुचिताला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं. आबांच्या उजव्या डोळ्याला ते कितपत दिसत होतं कोण जाणे, पण ते समोर बघत बसून राहिले.

मग तिनं सगळं सांगितलं. ऐनो, चिप, तीन वर्षं, नवा नियम. आबांना क्यूबिट कळला नाही आणि त्यांनी तो कळल्यासारखं दाखवलंही नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तुला जायचं हाय?"

"तुमचं असं असताना मी कशी..."

"माझं राहू दे. माझे थेंब ठमी टाकते. ती नसली तर तिची सून हाय. माझ्यासाठी थांबलीस असं कुणाला सांगू नको, मला ते आवडायचं न्हाय. तुला जायचं हाय का?"

आडोसा राहिला नाही. सुचितानं त्या प्रश्नाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि उत्तर तिथेच होतं, महिनाभर होतं, कदाचित त्याच्याही आधीपासून होतं. तिला जायचं नव्हतं. वडिलांमुळे नाही, वयामुळे नाही, थंडीमुळे तर नाहीच. तिचं त्यावरून मन उडालं होतं. तिला बीएस्सीच्या मुलांना सकाळचे तास घ्यायचे होते, दुपारी जेवून जरा पडायचं होतं, आणि पाच वर्षांत काय होणार आहे हे कुणाला सांगायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते. ते म्हणायला तिला इतका वेळ लागला होता. "नाही," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, तो शब्द कसा लागतो ते बघायला, "नाही जायचं मला, आबा."

"मग तसं सांग त्यांना. आणि दुसरं कुणी हाय जाणारं?"

मोबाईलला रेंज फक्त अंगणात यायची. सुचितानं कोंबडीला हुसकावलं आणि पडलेल्या माडाच्या खोडावर बसून आरोहीला फोन लावला. पाठीमागे पडवीत आबांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"आरोही, तू मला महिन्यापूर्वी एक विचारलं होतंस."

"काय मॅडम?" आणि मग घाईनं, "अच्छा, ते? ते असंच हो मॅडम. मी विसरले पण ते."

"मी बघू म्हणाले होते."

"हो मॅडम. मला कळलं होतं. इट्स ओके, खरंच."

"तुला कळलं ते चूक नव्हतं. पण मी काही बघितलंच नव्हतं." सुचितानं खोडाचं साल नखानं उकरलं. "आज बघितलं. मी जात नाहीये. मला जायचं नाही. नाव आज संध्याकाळपर्यंत द्यायचंय. तुझं देऊ?"

पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला, कुणीतरी कुणाला हाक मारली. आरोही घरी असणार, पेणला. मग ती म्हणाली, "बघते, मॅडम. म्हणजे पप्पांना विचारते. मम्मी पण... तीन वर्षं म्हणजे... बघते मी."

एरवी इथे सुचिता म्हणाली असती, बरं, सावकाश बघ. आणि फोन ठेवला असता. मग दुपारी ऐनोला कळवलं असतं, कुणी नाही. आणि पुढची तीन वर्षं आरोही रोज सकाळी येऊन, गुड मॉर्निंग मॅडम म्हणून, न हलणाऱ्या हातानं दुसऱ्या कुठल्या तरी तारा जोडत बसली असती.

"काय म्हणाली?" पडवीतून आबांनी विचारलं. सुचितानं फोन कानापासून दूर धरला.

"बघते म्हणाली."

"मग विचार की."

सुचितानं फोन पुन्हा कानाला लावला. "आरोही, महिना झाला," ती म्हणाली. "बघितलंस का?"

पलीकडे काहीच नाही. सुचितानं ती शांतता भरून काढली नाही. राहू दे, ठीक आहे, घाई नाही, यातलं काही म्हटलं नाही. हे मात्र ती तिकडे शिकून आली होती. ट्रक निघून गेला. एक दार लोटल्याचा आवाज आला, म्हणजे आरोही माणसांतून उठून कुठेतरी एकटी आली होती.

"रोज बघतेय मॅडम," आरोही म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "तिथली खोली कुठे मिळते ते बघितलं. थंडीचे बूट बघितले. दिघीला तिकडून कसं सांभाळायचं ते पण बघून ठेवलंय." मग एक श्वास, आणि मग एकदम, कुणी मधे यायच्या आत, "मी जाते."

जाते म्हणू नये गं, येते म्हणावं. सुचिताच्या ओठांपर्यंत आलं होतं. आई असती तर तिनं फोन हिसकावून घेऊन म्हटलं असतं. सुचितानं ते तिथेच थांबवलं.

"जा," ती म्हणाली.